जोडीदार उत्तर देत नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की मी गडबडतो, आणि हा किस्सा मी आजवर ज्याला ज्याला सांगितला, तो बरोबर मध्येच हसला. चहा आलाय का सगळ्यांना? मग ऐका, मी स्वतःच्या हातांनी स्वतःची फजिती कशी घडवून आणली ते. आणि तीही अशी ऐनवेळी अंगावर आलेली नाही बरं का! चांगले चार महिने आराखडा आखून, बोर्ड छापून केलेली.

मी यवतमाळचाच. अमरावतीला इंजिनीअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली. तिथे माझं काम एकच होतं: सात समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी कंपनीची मशीन बंद पडू द्यायची नाही. एक दिवस डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, त्यांच्या मशीन जागत्या ठेवायला मी कशाला? माझ्या जिल्ह्यात अशी व्यवस्था का असू नये? यवतमाळात काम म्हणजे 'चालते ना जी, पाहू उद्या', हे असंच चालायचं का? दिला राजीनामा आणि आलो परत.

आमची कंपनी शेतमाल खरेदी करते. मुख्य कार्यालय यवतमाळला आणि जिल्हाभर अकरा केंद्रं. केंद्रात काहीही बिघडलं, प्रिंटर, इन्व्हर्टर, वजनकाटा, तर काय करायचं? मी आलो तेव्हा उत्तर भिंतीवर चिकटवलेलं होतं. प्रत्येक केंद्रात एक कागद: कशासाठी कोणाला फोन करायचा त्याची यादी. अर्ध्या नंबरांवर काट मारलेली, बाजूला पेनाने नवे नंबर, एका ठिकाणी तर 'हे उचलत नाहीत, यांच्या भावाला लावा' असंही लिहिलेलं.

तो कागद पाहून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. एकविसावं शतक आहे हो हे!

मी तक्रार नोंदवायची संगणक यंत्रणा आणली. केंद्रातल्या माणसानं तक्रार टाकायची, तिला नंबर मिळणार, नंबर योग्य त्या मिस्त्रीच्या मोबाईलवर जाणार, मिस्त्री निघणार. काम झालं की तक्रारदारानं 'समाधान झालं' असं बटण दाबायचं, मगच तक्रार बंद. तक्रारदाराचं समाधान होईपर्यंत यंत्रणा रोज सकाळी संबंधिताला आठवण करणार. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. तेव्हा मला तो फार आवडला होता.

आणि आणखी एक नियम केला. ठळक लाल अक्षरांत बोर्ड छापून अकराही केंद्रांत लावला: 'तक्रार क्रमांकाशिवाय कोणीही जागचे हलणार नाही.' ज्या ज्या केंद्रात बोर्ड लावला, तिथला तो यादीचा कागद मी स्वतः, या हातांनी, टराटरा फाडला. ढाणकीच्या केंद्रात सविता नावाची मुलगी काटा सांभाळते. ती तेव्हा म्हणाली होती, "सर, राहू द्या ना जी. कधी लागला तं?"

"सविता, तो असेल तर तुला त्याचीच सवय राहील. मागचे दोर कापायला शिक."

बघा म्हणजे, किती मोठा माणूस झालो होतो मी.

आता यंत्रणा आली म्हणजे ती ज्या मशीनवर चालते ती मशीन बंद पडली तर? पुण्यात मी हेच तर करायचो! म्हणून मी दुसरी मशीन मागितली. पहिली यवतमाळला, दुसरी बोरी अरबच्या केंद्रात. दोन गावं, दोन वेगळ्या विजेच्या लाइनी, दोन वेगळ्या इंटरनेट कंपन्या. दोन्ही मशीनी दर पाच सेकंदांनी एकमेकींना विचारणार, 'आहेस का गं?' 'आहे.' ज्या क्षणी एकीचं उत्तर आलं नाही, त्या क्षणी दुसरी पदर खोचून उभी. अकरा केंद्रांना कळणारही नाही की मधल्यामध्ये मशीन बदलली. याला फेलओव्हर म्हणतात. 'पदर खोचून' हे शब्द मात्र माझे नाहीत. ते वैद्यकाकूंचे.

वैद्यकाकू म्हणजे आमच्या मुख्य कार्यालयाच्या सर्वेसर्वा. सासरे कचेरीत, नवरा कचेरीत, आणि स्वतः तीस वर्षं याच कार्यालयात. मी त्यांना फळ्यावर चौकोन, बाण, ठिपके काढून अर्धा तास समजावलं. काकूंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरी मी आणि माझी जाऊ. मी आजारी पडले की तिनं ओटा सांभाळायचा. एवढंच ना?"

"एवढंच नाही काकू. दोघींनी एकदम स्वयंपाक सुरू केला तर दोन पातेली वरण होईल, ते टाळायचीही व्यवस्था आहे. दोघी झोपेतून उठल्या तर आधी एकमेकींना विचारतात, मग एकच कामाला लागते. एकटी उठली तर दुसरीचं उत्तर येईपर्यंत थांबते."

"मग शहाण्या आहेत आमच्यापेक्षा," काकू म्हणाल्या.

आमचे साहेब मात्र इतक्या सहजी पटणारे नाहीत. कंपनी त्यांची. सुपारी चघळत माझं सगळं ऐकून घेतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात. तेव्हा विचारला, "एक मशीन चालून राह्यली ना बावा? मंग दुसरी कायले?"

"साहेब, पहिली बंद पडली तर..."

"पडली का आजपर्यंत?"

"नाही, पण..."

"बरं. दसऱ्यापर्यंत ठेव. मले एकदा दाखव का पहिली बंद असतानी काम होते. नाही दाखवलं तं दुसरी मशीन वापस, अन् हे सगळं काम नागपूरवाल्या कंपनीले देऊन टाकू. ते मागेच लागले हायेत."

आता समजलं ना काय पणाला लागलं होतं? दुसरी मशीन गेली म्हणजे मी गेलो. आणि मी गेलो म्हणजे परत पुणे. आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं, 'आमचा अभिजित जिल्ह्यासाठी परत आला.' परत जाताना काय सांगणार होती ती?

दाखवायची संधीही चालून आली. खंडेनवमीला साहेब मारेगावच्या केंद्रात नव्या चाळणी यंत्राच्या पूजेला येणार होते. मीही जाणार होतो. म्हटलं, तिथेच दाखवू!

आणि खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, ते घडलं. इथून पुढे जरा लक्ष देऊन ऐका, कारण मी तेव्हा दिलं नव्हतं.

मी मान खाली घालून काहीतरी टाइप करत होतो. वैद्यकाकू टेबलाशी आल्या. "अभिजित, खंडेनवमीला मशीनची पूजा करायची. दरवर्षी टाइपरायटरची करत होतो, मग प्रिंटरची. पूजा झाली की त्या दिवशी तिला कामाला लावायचं नाही, विसावा द्यायचा. पण ही तुझी बंद करता येते का? नसेल तर नुसतं हळदकुंकू वाहते."

माझे तर डोळे चमकले! याहून चांगली संधी कुठली? पहिली मशीन विसाव्याला, आणि मी मारेगावात साहेबांना दाखवतोय की बघा, काम चालूच आहे! "खुशाल बंद करा काकू! वायरसुद्धा काढून ठेवा. दुसरी आहे ना, ती सांभाळेल."

काकू खूश. मी खूश.

तासाभरानं फोन वाजला. बोरी अरबचे गजूभाऊ, तिथल्या केंद्राचे प्रमुख. मी अजूनही टाइपच करत होतो. गजूभाऊंचा स्वभाव असा की मुद्द्यावर यायच्या आधी ते पाऊस, सोयाबीन, त्यांचा मेहुणा आणि मेहुण्याची नवी गाडी, इतकं सगळं घेतात. माझा संयम मेहुण्यापर्यंत टिकतो.

"...तं तसं हाय सर. अन् एक विचाराचं होतं. नवमीले आमच्या इथली मशीन..."

"पूजेसाठी बंद ठेवायची?"

"हाव! तुमाले कसं समजलं?"

"खुशाल ठेवा गजूभाऊ. दुसरी आहे ना, ती सांभाळेल."

फोन ठेवला. टाइप करत राहिलो.

हसताय ना? मी म्हटलं होतं ना, मध्येच हसाल म्हणून!

पण तुम्हीच सांगा, मी एकाला तरी चूक उत्तर दिलं का? काकूंना दिलेलं उत्तर बरोबर. गजूभाऊंना दिलेलं उत्तर बरोबर. दोन्ही उत्तरं कुठल्याही परीक्षेत पूर्ण मार्क मिळवतील. फक्त दोन्ही एकाच दिवसाची होती. विजेच्या दोन लाइनी मी वेगळ्या घेतल्या, इंटरनेट वेगळं घेतलं, गावंसुद्धा वेगळी घेतली. पंचांग मात्र दोन्ही गावांत एकच असतं, हे माझ्या आराखड्यात कुठे नव्हतंच!

खंडेनवमी उजाडली. मारेगावचं केंद्र झेंडूनं नटलं होतं. चाळणी यंत्राला हार, वजनकाट्याला हार, ट्रॅक्टरला हार, आणि ज्या मोठ्या टीव्हीवर मी यंत्रणा दाखवणार होतो त्यालाही हार. साहेब समोर खुर्चीत. मागे पंचवीस-तीस माणसं, हातात प्रसाद. आरती झाली. साहेब म्हणाले, "हं अभिजित, दाखव आता तुह्या मशीनचा चमत्कार."

मी उभा राहिलो. हात मागे बांधले. अशी भाषणं मी आरशासमोर करून पाहतो, तुम्हाला म्हणून सांगतो.

"मंडळी, या क्षणी यवतमाळची मशीन बंद आहे. नुसती बंद नाही, तिची वायरही काढलेली आहे. आपल्या जिल्ह्यात असं झालं की आपण काय म्हणतो? 'लाइन गेली, उद्या या.' बरोबर? पण आता ते दिवस गेले! यवतमाळ झोपलेलं असताना बोरी अरब जागं आहे. बघा!"

आणि बटण दाबलं.

टीव्हीवर पांढरं फटक.

म्हटलं, येतंय. दहा सेकंद. वीस सेकंद. मग त्या पांढऱ्यावर बारीक अक्षरं आली: 'हे पान सापडले नाही.'

"इंटरनेट हळू दिसतंय," मी म्हणालो.

मागून एका काकांनी मोबाईलवर भजन लावून दाखवलं. खणखणीत चाललं. "इंटरनेट तं मस्त हाय सर."

साहेबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "हेच दाखवाचं होतं का?"

मी काकूंना फोन लावला. मागे लहान मुलींचा किलबिलाट. घरी नवमीचं कुमारिकापूजन, नऊ मुली पाटावर.

"काकू, मशीन बंद केली ना?"

"केली ना! साडेनऊला पूजा केली, वायर काढली, वर लाल कापड घातलं. छान दिसतेय हो. फोटो पाठवू?"

"नको. बंद करताना स्क्रीनवर काही आलं होतं?"

"आलं होतं की. लाल ओळ. 'जोडीदार उत्तर देत नाही.'"

"मग तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं? माझाही तीस वर्षं देत नाही."

तिकडून काकांचा आवाज आला, "अगं, ऐकतोय मी!" पहिल्यांदाच उत्तर दिलं असावं त्यांनी.

मी घाईघाईनं फोन कापला. गजूभाऊंना लावला. बारा रिंगांनंतर उचलला. मागे ढोलताशा.

"गजूभाऊ, बोरीची मशीन चालू आहे ना?"

"नाही ना जी! सकाळी आठ वाजताच पूजा केली, बंद केली, खोलीले कुलूप घातलं अन् निघालो. सासऱ्याच्या गावी हाव. मेहुण्याच्या नव्या गाडीची पूजा हाय ना, मंगळवारी सांगत होतो तुमाले..."

"पण मी तर..."

"तुमीच तं म्हणले, खुशाल ठेवा, दुसरी सांभाळते म्हणून."

फोन स्पीकरवर होता. साहेब ऐकत होते. पंचवीस-तीस माणसं ऐकत होती. कोणीतरी माझ्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला, तो खावा की नाही हेही मला कळेना.

सकाळी आठला बोरीची झोपली, तेव्हा यवतमाळची एकटीच राबत होती, आणि बिचारीनं लाल ओळ टाकून सांगितलंही होतं. साडेनऊला तीही झोपली. दोघी निर्धास्त. का नसाव्यात? प्रत्येकीला मीच सांगितलं होतं की दुसरी जागी आहे!

आणि दोन्ही बंद पडण्यासारख्या गंभीर बिघाडाची सूचना मला मिळावी म्हणून मी काय सोय केली होती, माहीत आहे? सूचना आपोआप तक्रार म्हणून नोंदली जाईल. कुठे? त्याच यंत्रणेत!

एवढ्यावर थांबलं असतं तर नुसती अब्रू गेली असती. तेवढ्यात सविताचा फोन आला. ढाणकीहून.

"सर, काटा बंद पडला! आकडाच दाखवून नाही राह्यला. बावीस ट्रॅक्टर लायनीत हायेत, सगळे सोयाबीनचे. अन् इकडे आभाळ भरून येऊन राह्यलं, काळंशार. दोन-तीन ट्रॉल्याईवर तं ताडपत्री पण नाही. लोक चिल्लावून राह्यले!"

आता हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वाळवून, निवडून आणलेलं सोयाबीन भिजलं की गेलं. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुपारी चघळायचं थांबवताना पाहिलं.

आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? सवय हो, नुसती सवय! "सविता, तक्रार नोंदव."

"सर, कुठी नोंदवू? पांढरं येते."

बरोबर. पांढरंच येणार.

ढाणकीचा काटा दुरुस्त करणारा माणूस म्हणजे इक्बालभाई. उमरखेडला दुकान. तीन पिढ्यांचं काट्यांचं आणि मोटारींचं काम. बोट लावून सांगतात, कुठली वायर गेली ते. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. लावला.

"इक्बालभाई, अभिजित बोलतोय. ढाणकीचा काटा बंद पडलाय, ताबडतोब निघा!"

"हाव सर, निघतो ना. नंबर सांगा."

"कसला नंबर?"

"तक्रारीचा. नंबराबिगर कोणी जागचा हलत नाही ना सर. बोर्ड लावला तुमी. लाल अक्षराचा."

"अहो, यंत्रणा बंद आहे! नंबर कुठून आणू?"

"असं कसं बंद सर? तुमी तं त्या दिवशी मीटिंगीत सांगतलं, बंद पडूच शकत नाही. दोन मशीनी हायेत. मी तं घरी पण सांगतलं सगळ्याईले, आपले सर लय हुशार हायेत."

"इक्बालभाई, हात जोडतो! नियम मी रद्द केला, या क्षणी!"

"तोंडी? तोंडी तं काहीच चालत नाही म्हणले ना सर तुमी. नियम रद्द करायची पण तक्रार टाकावी लागते. उसूल तं उसूल हाय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी त्या दिशेनं नुसतं पाहिलं.

एव्हाना वैद्यकाकूंनी नऊ मुलींना पुरणपोळी वाढून, कार्यालय गाठून, देवाची माफी मागून लाल कापड काढलं होतं. त्यांचा फोन आला. "वायर लावली. सुरू झाली. पण नुसतीच उठून बसली आहे. म्हणते, 'जोडीदाराची वाट पाहत आहे.'"

ती व्यवस्था! वरण दोन पातेली होऊ नये म्हणून केलेली! एकटी उठली तर दुसरीचं उत्तर येईपर्यंत थांबणार. आणि दुसरी कुलपात. आणि कुलपाची किल्ली मेहुण्याच्या गाडीच्या पूजेला.

"आता काय करू रे?" काकूंनी विचारलं.

"काही करू नका काकू," मी म्हणालो. चार महिन्यांतलं माझं ते एकमेव शहाणपणाचं वाक्य असावं.

पुन्हा इक्बालभाईंना लावला. आवाज रडवेला झाला होता, लपवत नाही. "इक्बालभाई, माझी चूक झाली. सगळी माझीच. नंबर नाही, आणि आज मिळणारही नाही. पण तिकडे माल भिजेल हो. पाया पडतो, निघा!"

पलीकडे ठोकल्याचा आवाज. ठक. ठक. मग इक्बालभाईंचा लांबून आवाज, "सविता बेटा, आता पाह्य बरं आकडा!" आणि सविताचा, आनंदानं किंचाळल्यासारखा, "आला आला! चाचा, आला!" आणि पाठोपाठ दहा-वीस ट्रॅक्टर एकदम धडधडले.

"इक्बालभाई... तुम्ही कुठे आहात?"

"काट्याच्या खाली हाव सर. पालथा. उंदरानं वायर कुरतडली होती. झालं काम."

"तुम्ही आधीपासून तिथेच होतात?"

"पंधरा-वीस मिन्ट झाले ना. दुसऱ्या कामानं ढाणकीलेच आलतो. पोरीनं तुमाले फोन केला, त्याच्या पयलेच मले केलता."

"मग मघापासून नंबर का मागत होता?"

"आता काम करता करता माणसानं जराशी मजा पण नाही कराव का सर?"

मी त्याच फोनवर सविताला बोलावून विचारलं, "तुला यांचा नंबर कुठून मिळाला? तो कागद तर मी फाडला होता. तुझ्या डोळ्यांदेखत!"

"सर, तुमी फाडला तो झेरॉक्स होता. ओरिजिनल मी कपाटाच्या दाराले आतून चिकटवला हाय." मग जरा थांबून, सांत्वन केल्यासारखं म्हणाली, "एक बिघडला तं दुसरा असावा म्हणून. तुमीच शिकवलं ना जी."

ढाणकीला सरी आल्या त्या तासाभरानं. तोवर ताडपत्री नसलेल्या ट्रॉल्या सविताने आधी घेऊन रिकाम्या केल्या होत्या. एक दाणा भिजला नाही.

इकडे मारेगावात मी त्या हार घातलेल्या, पांढऱ्या टीव्हीशेजारी उभा. दोघांचाही सत्कार होऊन गेल्यासारखा. साहेबांनी सुपारी पुन्हा सुरू केली. म्हटलं, आता येणार. नागपूरवाले येणार, मी जाणार, आई गल्लीला काय सांगणार...

साहेबांनी त्यांचा तो एकच प्रश्न विचारला. "म्हणजे दुसरी मशीन बोरीले नव्हतीच. ढाणकीच्या कपाटात होती. नाही का?"

"हो साहेब."

"मले म्हणलं होतं तू, पहिली बंद असतानी काम होते हे दाखवतो. मले तं दोन्ही बंद असतानी दिसलं काम होताना." ते हसले. खरंच हसले. "राहू दे तुही दुसरी मशीन. दोघी चांगल्या हायेत बिचाऱ्या. पण त्याईच्या सुट्ट्या आता वैद्यबाई मंजूर करतीन. तू नाही."

तर आता आमच्याकडे असं आहे. यवतमाळची मशीन नवमीला विसावते, बोरीची दसऱ्याला. तक्ता काकूंनी केलाय. तो करताना मला म्हणाल्या, "दोन जावांपैकी एकीला माहेरी जायचं असलं, तर ती आधी दुसरीला विचारते. आम्हाला हे कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं हो." याद्यांचे कागद अकराही केंद्रांत पुन्हा लागले, मीच लावले. लाल बोर्ड काढून टाकले. मी कोणालाही 'खुशाल' म्हणालो की तो माणूस गालातल्या गालात हसून काकूंकडे जातो, विचारायला.

पण हे एवढ्यावर संपलं नाही ना!

दसऱ्याच्या दिवशी दोन्ही मशीनींची नीट जुळवाजुळव करून मी यंत्रणा सुरू केली. पाचच मिनिटांत पहिली तक्रार आली. तक्रारदार: इक्बालभाई. बिघडलेली वस्तू: 'अभिजित सर.' बिघाडाचे स्वरूप: 'पूर्ण न ऐकता हो म्हणतात.'

मी लगेच उत्तर लिहिलं, 'दुरुस्ती झाली आहे, कृपया तक्रार बंद करावी.' पण बंद करायचं बटण तक्रारदाराकडे! त्याचं समाधान झाल्याशिवाय बंद होणार नाही, हा नियम कोणाचा? माझाच. तो नियम काढून टाकावा म्हटलं, तर असे बदल आता काकूंच्या सहीशिवाय होत नाहीत, आणि काकू म्हणतात, "असू दे की. चांगला नियम आहे."

उमरखेडला गेलो की मी इक्बालभाईंच्या दुकानात जातो. चहा पाजतो. त्यांच्याही पावसापासून मेहुण्यापर्यंतच्या सगळ्या गोष्टी पूर्ण, शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकतो. निघताना विचारतो, "इक्बालभाई, झालं का समाधान?"

ते माझ्याकडे काट्याच्या आकड्याकडे पाहावं तसं पाहतात. "सुधारणा हाय सर. पण समाधान अजून नाही."

आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून यंत्रणा एक सेकंदसुद्धा बंद पडलेली नाही. वीज जाते, इंटरनेट जातं, एकदा बोरीला माकडानं वायर तोडली, तरी नाही! एक थांबली की दुसरी तत्क्षणी उभी. पुण्यातसुद्धा मी इतकं पक्कं काम केलं नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी नऊच्या ठोक्याला, न चुकता, माझ्या मोबाईलवर आठवण येते: 'आपल्याविरुद्धची तक्रार अद्याप प्रलंबित आहे.'